पेडल दोनच, पण क्लच आहेच

"साहेब, क्लच गेला. पूर्ण सेट टाकावा लागेल." एएमटीची (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशनची) छोटी गाडी झटके मारायला लागली की गॅरेजमध्ये हे वाक्य ऐकू येतं. त्यावर मालक म्हणतो, "पण ही तर ऑटोमॅटिक आहे, हिला क्लच कुठून आला?" दोघांचंही चुकतं. मालकाचं जरा जास्त.

2014 च्या फेब्रुवारीत ऑटो एक्स्पोमध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि एएमटी आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात शिरली. पुढे अल्टो के10, टाटाची नॅनो आणि टियागो, रेनोची क्विड, ह्युंदाईची सँट्रो अशी रांगच लागली. विक्रेत्याने 'ऑटोमॅटिक' म्हणून विकली, आपण तशीच घेतली. प्रत्यक्षात या गाड्यांत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स असतो आणि मॅन्युअलसारखीच कोरडी क्लच प्लेट. फरक एवढाच, की क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ॲक्च्युएटर करतो आणि त्याला हुकूम एक छोटा कॉम्प्युटर सोडतो. काही गाड्यांत हा ॲक्च्युएटर तेलाच्या दाबावर चालतो, काहींत विजेच्या मोटरवर. कल्पना हलकी समजू नका. फेरारीने 1989 मध्ये फॉर्म्युला वनच्या ब्राझील ग्रांप्रीत क्लच पेडलविना गिअर बदलणारी गाडी उतरवली आणि नायजेल मॅन्सेलने ती शर्यत जिंकली. आपली टियागो त्याच घराण्यातली, फारच लांबची पुतणी.

तेव्हा 'एएमटीला झटका बसतो म्हणजे बिघाड आहे' हा पहिला गैरसमज. पहिल्यातून दुसरा गिअर पडताना क्लच सुटतो, चाकांकडे जाणारी ताकद क्षणभर तुटते आणि मान पुढे डुलते. नवीकोरी गाडीसुद्धा हे करते. त्या क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल केला, तर निम्मा झटका तिथेच विरतो. मॅन्युअल चालवताना हेच आपण नकळत करत होतो. एएमटी घेतली आणि पाय आळशी झाला.

पण झटका पूर्वी नव्हता आणि आता आहे, तर पाना हातात घेण्याआधी तो नेमका कधी येतो ते पाहा. जागेवरून निघताना गाडी थरथरत असेल, तर प्लेट घासून गुळगुळीत झालेली असू शकते किंवा गळक्या सीलमधून तिच्यावर तेल आलेलं असू शकतं. ट्रॅफिकमध्ये ब्रेक सोडल्यावर गाडी हळूच सरकण्याऐवजी उडी मारते, तर शंका 'बाइट पॉइंट'ची घ्यावी. म्हणजे क्लच जिथे पकडायला लागतो ती जागा. प्लेट झिजते तशी ही जागा सरकते. कॉम्प्युटर तिच्या मागे मागे जाऊन जुळवून घेतो, पण मर्यादेपर्यंतच. आणि इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, असं दिसलं तर मात्र प्लेट खरोखर संपत आलेली आहे.

आता माझी आवडती परीक्षा. मोकळ्या रस्त्यावर मॅन्युअल मोडमध्ये तिसरा गिअर ठेवा, चाळिशीच्या वेगाने स्थिर चालवा आणि हलकेच ॲक्सिलरेटर दाबा. इथे क्लच पूर्ण बसलेला आहे, गिअर बदलत नाही. तरीही फेरे न उडता गाडी आचके देत असेल, तर दोष बहुधा क्लचचा नाही. स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, काजळी धरलेली थ्रॉटल बॉडी, बसलेलं इंजिन माउंटिंग यांच्याकडे वळा. क्लच सेटच्या खर्चापुढे प्लगचा खर्च किरकोळ. माझ्या गाडीच्या बाबतीत एका गॅरेजने थेट सेटचं कोटेशन दिलं होतं. दोष निघाला कॉइलमध्ये.

'गिअर ऑइल बदला, झटके जातील' हा सल्लाही फार फिरतो. क्लच कोरडा आहे. गिअर ऑइलचा त्याच्याशी संबंध यायलाच नको. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या प्रकारात ॲक्च्युएटरचं तेल वेगळं असतं, त्याची पातळी जरूर तपासावी. अशा काही गाड्यांत चालकाचं दार उघडताच 'झूं' असा बारीक आवाज येतो, त्यालाही लोक घाबरतात. पंप दाब तयार करतोय, बस्स. बॅटरी मात्र दुर्लक्षू नका. ती अशक्त झाली की हा सगळा कारभार गोंधळतो.

सिग्नलला D मध्ये ब्रेक दाबून थांबलं की प्लेट झिजते, असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. ब्रेक दाबलेला असताना क्लच सुटलेला असतो, प्लेट घासत नाही. मोठ्या सिग्नलला N टाकणं चांगलं, कारण रिलीज बेअरिंग आणि ॲक्च्युएटरवरचा ताण वाचतो. प्लेट झिजते ती बंपरला बंपर लागलेल्या रांगेत इंच इंच सरकताना, कारण तेव्हा क्लच सतत अर्धवट पकडीत असतो. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदाच पुढे घ्या. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या.

सगळ्यांत मोठं पाप चढावर होतं. खंबाटकी घाटात ट्रकमागे अडकल्यावर कितीतरी जण गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरतात. मॅन्युअलमध्ये त्याला हाफ क्लच म्हणायचे आणि शिकवणारे ओरडायचे. इथे ओरडायला कुणी नाही, फक्त जळका वास येतो. हँडब्रेक ओढा, निघताना ॲक्सिलरेटर देत सोडा.

उरला शेवटचा गैरसमज, आणि महागडाही तोच: 'नवीन सेट टाकला की प्रश्न संपला.' नव्या प्लेटची जाडी वेगळी, पण कॉम्प्युटरच्या डोक्यात जुन्या, झिजलेल्या प्लेटचा हिशेब. स्कॅनर जोडून त्याला नवा बाइट पॉइंट शिकवला नाही, तर नवी प्लेट जुनीपेक्षा वाईट झटके देते. बॅटरीची तार काढून लावली की 'रिसेट' होतं, यावर विसंबू नका. एखादा मेकॅनिक हाताने कितीही कसबी असला, तरी त्या गाडीला चालणारा स्कॅनर नसेल तर हे काम त्याचं नाही. आणि प्लेट न बदलताही, निव्वळ हे शिकवणं, म्हणजे रिलर्निंग, नव्याने केल्याने सरकलेल्या बाइट पॉइंटचे झटके जाऊ शकतात.

म्हणून क्लच सेटला होकार देण्याआधी दोन गोष्टी करा. मेकॅनिकला शेजारी बसवून, झटका येतो त्याच परिस्थितीत गाडी चालवून दाखवा. आणि आधी क्लच रिलर्निंग करून पाहायला सांगा. सेट बदललाच, तर रिलर्निंग केल्याची नोंद बिलावर लिहून घेतल्याशिवाय चावी हातात घेऊ नका.