अंग आंबतं म्हणजे नेमकं काय आंबतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर.

मागच्या शनिवारी बारामतीला घरी गेलो होतो. मावसभाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे कालव्याच्या कडेनं 1600 मीटरचे तीन राउंड मारले त्यानं. रविवारी जिना उतरताना भिंत धरून! म्हणाला, "दादा, लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय, अंग पार आंबलंय." आणि हातात पेनकिलर. त्या गोळीमुळेच आजचा विषय घेतला.

आधी एक शब्द: मेटाबोलाइट. भवानीनगरचा किंवा माळेगावचा कारखाना डोळ्यासमोर आणा. गव्हाणीत ऊस पडला की लगेच पोत्यात साखर येत नाही. मध्ये रस, पाक, मळी, बगॅस असं बरंच काही तयार होतं. भाकरीचं शरीरात तसंच होतं. या सगळ्या घडामोडींना म्हणायचं चयापचय, आणि त्यात तयार होणाऱ्या किंवा वापरल्या जाणाऱ्या छोट्या रेणूंना मेटाबोलाइट. ग्लुकोज, युरिया, क्रिएटिनिन ही रक्ताच्या रिपोर्टवरची नावं त्यातलीच.

आता लॅक्टेट. ग्लुकोज फुटून पायरुवेट बनतं. निवांत चालताना ते पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात जाऊन ऑक्सिजनच्या मदतीनं जळतं. शेवटच्या 200 मीटरला जीव तोडून पळताना पायरुवेट इतकं झपाट्यानं बनतं की बरंचसं लॅक्टेट होतं. रक्तात एरवी लॅक्टेट लिटरला साधारण 1 मिलीमोल असतं, जोरात पळाल्यावर 10 च्याही वर जातं.

पण हा कचरा नाही. मळी कशी डिस्टिलरीत जाऊन इथेनॉल होते, तसं लॅक्टेट हृदय आणि इतर स्नायू इंधन म्हणून वापरतात. उरलेल्याचं यकृत परत ग्लुकोज बनवतं. याला कोरी सायकल म्हणतात. कार्ल आणि गर्टी कोरी या नवरा-बायकोला 1947 मध्ये नोबेल मिळालं. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणारी गर्टी ही पहिली स्त्री.

मुद्दा असा, की पळणं थांबवल्यावर तासाभरात लॅक्टेट जवळपास मूळ पातळीवर येतं. मग दुसऱ्या दिवशीचं दुखणं त्याचं कसं असेल? ते असतं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं आणि त्यानंतरच्या दाहाचं. एक ते तीन दिवस जोर असतो, मग आपोआप ओसरतं. हलकं चालणं, पाणी, झोप आणि पोटभर जेवण, एवढं बहुतेकांना पुरतं.

आता गोळीबद्दल. घामानं शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना काही पेनकिलर मूत्रपिंडावर ताण आणतात. आणि अति मेहनतीनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, दुखणं असह्य झालं, तर थांबू नका. स्नायू फुटून मायोग्लोबिन रक्तात उतरल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. उन्हातल्या पळण्याची तर चेष्टाच नको. जून 2014 मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत 5 किलोमीटर धावल्यानंतर काही उमेदवारांचा जीव गेला होता.

भावानं गोळी ठेवून दिली. बुधवारी परत कालव्यावर होता.

इंदापूर-बारामतीत भरतीची तयारी करणारं कुणी ओळखीचं असेल, तर हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!