कंपनीतल्या माणसाला विचारा

पिंपरी-चिंचवडमध्ये गाडी घ्यायची ठरली की नुसती जाहिरात बघून कुणी पैसे भरत नसे. आधी कंपनीतल्या माणसाला विचारलं जाई. बजाजमध्ये, टेल्कोत किंवा बजाज टेम्पोत कामाला असलेला कुणी ना कुणी प्रत्येक चाळीत, प्रत्येक सोसायटीत असायचाच. कुठलं मॉडेल घ्यावं, इंजिनात काय बदललंय, आत्ता घ्यावं की चार महिने थांबावं, हे तो सांगे आणि त्याचा शब्द सहसा कुणी मोडत नसे. माझा जन्म २००१ चा, निगडीतला. ही रीत मी लहानपणी पाहिली. आज माझ्या वयाच्या मुलांच्या खरेदीत तो माणूस जवळजवळ दिसत नाही. त्याची जागा कशी आणि कुणी घेतली, याचा हा मागोवा.

सुरुवात रांगेपासून करावी लागते. बजाजची चेतक १९७२ मध्ये आली. किती स्कूटर बनवायच्या हे तेव्हा सरकारी परवाना ठरवत असे. मागणी अफाट, उत्पादन मोजकं, त्यामुळे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे, म्हणून परदेशातल्या नातेवाइकांना गळ घातली जाई. अशा बाजारात जाहिरातीचं काम फारसं नव्हतंच. ज्या मालासाठी लोक दहा-दहा वर्षं थांबायला तयार आहेत, तो घ्या असं कुणाला सांगायचं?

ऐंशीच्या दशकात हे चित्र पालटलं. कायनेटिक होंडा, एलएमएल वेस्पा, हिरो होंडा अशा गाड्या परदेशी तंत्रज्ञान घेऊन आल्या आणि गिऱ्हाइकाला पहिल्यांदा निवड करता आली. १९८९ मध्ये लिंटास या जाहिरात संस्थेने केलेली 'हमारा बजाज' ही जाहिरात या पार्श्वभूमीवर दूरदर्शनवर आली. तिचा भर तांत्रिक गुणांवर नव्हता, स्कूटरभोवतीच्या साध्या भारतीय माणसांवर होता. देशासाठी ती एक गाजलेली जाहिरात होती. बजाजचा कारखाना असलेल्या आकुर्डीच्या घरांमध्ये ती त्याहून जवळची होती, कारण पडद्यावरची स्कूटर दिवसभर आपल्याच हातांखालून गेलेली असे. माझे आजोबा त्या लाइनवर होते. जाहिरात लागली की ते टीव्हीचा आवाज वाढवायला सांगत, असं आजी अजूनही कौतुकाने सांगते. वस्तू बनवणारा, तिची जाहिरात पाहणारा आणि ती विकत घेणारा, हे तिघं तेव्हा एकाच घरात जेवायला बसत.

डिसेंबर १९९८ मध्ये टेल्कोची इंडिका आली. तिची जाहिरात सांगत होती की त्याच पैशात जास्त गाडी मिळेल, आणि आठवडाभरात सुमारे १ लाख १५ हजार जणांनी पूर्ण रक्कम भरून नोंदणी केली. पण पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या. कंपनीने दुरुस्त्या केल्या आणि २००१ मध्ये व्ही२ आणली. इंडिकाने खऱ्या अर्थाने जम बसवला तो त्यानंतर. जाहिरातीने गिऱ्हाईक एकदा आणलं, ते टिकवलं मात्र शॉप फ्लोअरवर झालेल्या सुधारणेने. कंपनीतल्या माणसाच्या शब्दाला वजन का होतं, ते इथे कळतं. जाहिरात गाडी कशी वाटेल ते सांगे, हा माणूस ती कशी बनलीय ते सांगे.

त्याच २००१ मध्ये बजाजची पल्सर आली. तिची जाहिरात उघडपणे पुरुषीपणाची होती, आणि कुटुंबाच्या स्कूटरकडून एकट्या तरुणाच्या बाइककडे वळलेला बाजार तिने नेमका हेरला होता. पुढे २००७ मध्ये आकुर्डीतलं गाड्यांचं उत्पादन थांबलं आणि २००९ मध्ये बजाजने स्कूटर बनवणं सोडण्याचा निर्णय जाहीर केला. कारखानदारीचा भार तोवर चाकणकडे सरकला होता. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये तिथे सुरू झाला. मर्सिडीज-बेंझ पिंपरीहून तिथे गेली. महिंद्राही आली.

जाहिरातीची ताकद किती वाढली, हे फोक्सवॅगनने दाखवून दिलं. नोव्हेंबर २००९ मध्ये एका मोठ्या इंग्रजी दैनिकाच्या एका दिवसाच्या अंकात तिने दुसऱ्या कुणाच्या जाहिरातीला जागाच ठेवली नाही. २१ सप्टेंबर २०१० ला तर वर्तमानपत्र बोलू लागलं. पानाला चिकटवलेल्या छोट्या यंत्रावर उजेड पडला की चाकणमध्ये बनणाऱ्या व्हेंटोचं गुणगान ऐकू येई. पण हे ऐकणारा आणि चाकणच्या लाइनवर ती गाडी जोडणारा यांची आता गाठ पडत नव्हती. म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडीच्या खोल्यांत कॉट बेसिसवर राहणारी मुलं विदर्भ-मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली, बरीचशी ठेकेदाराकडची. आपण बनवतो ती गाडी घेण्याचा विचार त्यांच्या पगारात बसत नव्हता. शेजारी येऊन त्यांना कुणी सल्लाही विचारत नव्हतं, कारण सहा-सात महिन्यांत ठेका संपे आणि खोली बदले. कंपनीतला माणूस तिथेच होता, पण त्याची ओळख पुसली गेली होती.

जाहिराती मात्र रस्त्यावर वाढतच गेल्या. १७ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी किवळे इथे मुंबई-बंगळुरू महामार्गाच्या सेवा रस्त्यालगत वादळी पाऊस आला. काही माणसं जवळच्या पंक्चरच्या दुकानापाशी आडोशाला थांबली. शेजारचं अनधिकृत होर्डिंग त्यांच्यावर कोसळलं आणि पाच जणांचा जीव गेला. पुढच्या वर्षी घाटकोपरला तेच घडलं आणि मृतांचा आकडा १७ वर गेला. या घटनांकडे केवळ अपघात म्हणून पाहणं मला पटत नाही. नजर विकत घेण्याच्या धंद्यात नजरेखालच्या माणसाचा हिशेब कुणीच ठेवत नसेल, तर तो धंदा आजारी आहे.

त्याआधीच, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आलं होतं आणि स्वस्त डेटामुळे जाहिरात खिशात आली. सेकंड शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये बसलेल्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो आणि प्रत्येकाला वेगळी जाहिरात दिसते. दूरदर्शनवरची जाहिरात सगळी चाळ एकत्र बघायची, त्यामुळे तिच्यावर चर्चा होई, शंका निघे, कुणीतरी म्हणे, "जरा थांब, त्याला विचारू." मोबाइलवरच्या जाहिरातीला असा साक्षीदार नसतो. मी काल काय शोधलं, कुठे थांबलो, हे तिला ठाऊक असतं आणि ती मला एकट्याला गाठते.

खरेदीचा वेगही त्याच प्रमाणात वाढला. ३० जुलै २०२२ ला चाकणमध्ये बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनची नोंदणी ऑनलाइन सुरू झाली आणि अर्ध्या तासात १ लाखाचा आकडा पार झाला. आजोबांच्या काळी रांग होती ती मालाच्या टंचाईमुळे. आमच्या काळातली रांग मागे पडण्याच्या भीतीतूनही लागते.

या वेगाला इंधन मिळालं हप्त्यांचं. त्याचंही एक मूळ आकुर्डीतच आहे. १९८७ मध्ये बजाज ऑटो फायनान्स स्थापन झाली ती दुचाकी-तीनचाकींना कर्ज देण्यासाठी, आणि आज बजाज फायनान्स नावाने ती मोबाइलपासून फ्रिजपर्यंत सगळ्यासाठी कर्ज देते. ही सोय आता अनेक बँका आणि कंपन्या देतात, आणि हप्त्यामुळे असंख्य घरांत वॉशिंग मशीन आलं, हे मी नाकारत नाही. पण 'शून्य टक्के' ही पाटी दिसली की कागद-पेन घ्यावं. समजा मोबाइल १८,००० चा आहे. रोखीने घेतला तर १,००० ची सूट, म्हणजे १७,०००. हप्त्याने घेतला तर सूट नाही, सुरुवातीला ४०० रुपये प्रोसेसिंग फी आणि ३,००० चे सहा हप्ते. म्हणजे प्रत्यक्षात आपण १६,६०० रुपये उसने घेतले आणि १८,००० फेडले. प्रत्येक महिन्याला मुद्दल कमी होत जातं हे धरून हिशेब केला, तर हा दर वर्षाला सुमारे २८ टक्के पडतो. पाटीवर मात्र शून्य लिहिलेलं असतं.

कायदा या बदलामागून धावतो आहे. ग्राहक चळवळीची एक मोठी सुरुवात आपल्याच पुण्यात झाली. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतरचा. २०१९ च्या नव्या कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई करणारं केंद्रीय प्राधिकरण दिलं. पैसे घेऊन मालाची शिफारस करणाऱ्याने ते सांगितलंच पाहिजे, असा दंडक झाला. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ॲपवरच्या १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई झाली. खोटी घाई निर्माण करणं, न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणं, सबस्क्रिप्शन बंद करण्याची वाट लपवणं, हे सगळं त्यात येतं.

तरी कायद्याआधी मला भरवसा वाटतो तो या औद्योगिक पट्ट्याच्या अंगवळणी पडलेल्या सवयीवर. भोसरीच्या कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये पार्ट ओके करण्याआधी गो-नोगो गेज लावतात. गेजची 'गो' बाजू बसली आणि 'नोगो' बाजू अडली तरच पुढे, नाही तर रिजेक्शन. पुरवठादार कितीही गोड बोलला तरी मायक्रॉनमध्ये सवलत नाही. जाहिरातीलाही असंच गेज लावायला हवं. एकूण किती पैसे जाणार? वस्तू बिघडली तर दुरुस्त कोण करणार? शिफारस करणाऱ्याला पैसे कुणी दिले? या तीन प्रश्नांत जी जाहिरात बसत नाही, तिचा माल घेऊ नये.

चाकण-भोसरीत लाखो हात रोज वस्तू बनवतात, तपासतात, नाकारतात. इतकं ज्ञान जवळ असताना आपण अनोळखी चेहऱ्याच्या तीस सेकंदांवर विश्वास ठेवावा, हे आपल्याला शोभत नाही. पुढची मोठी खरेदी करण्याआधी एक रात्र जाऊ द्या, आणि शेजारच्या खोलीतल्या, शिफ्टवरून आलेल्या त्या मुलाला एकदा विचारा. फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.