ठरलेल्या वेळेचा किराणा : एका दशकाचा मागोवा

महानगरांतील घरपोच किराणा सेवेतून ‘स्लॉट’ ही व्यवस्था गेल्या काही वर्षांत झपाट्याने मागे पडली आहे. माल मागवताना ग्राहकाने निवडायचा दिवस आणि त्या दिवसातला, बहुधा दोन-अडीच तासांचा, अवधी म्हणजे स्लॉट. या अवधीत माल दाराशी येईल असे विक्रेता कबूल करतो. २०२१ नंतर मिनिटांत माल पोहोचवण्याच्या चढाओढीने बाजार व्यापला, स्लॉटवर वाढलेल्या कंपन्याही तिच्यात ओढल्या गेल्या, आणि महिन्याचे वाणसामान शनिवारी सकाळी घरी यावे एवढीच माफक अपेक्षा असणाऱ्या कुटुंबांना ती सोय आता शोधावी लागते. स्लॉटची व्यवस्था निर्दोष मुळीच नव्हती; तिने मुंबई-पुण्यातल्या असंख्य घरांना जवळपास दहा वर्षे ताटकळत ठेवले. परंतु घरातल्या माणसाच्या वेळेला विक्रीच्या करारात जागा मिळण्याची शक्यता या व्यवस्थेमुळे प्रथमच निर्माण झाली होती, आणि कंपन्यांच्या सोयीपुढे व शासनाच्या उदासीनतेपुढे ती टिकली नाही, म्हणून तिचा हिशेब मांडणे आवश्यक आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे महिन्याची यादी टाकायची, दुकानातल्या पोऱ्याने दुपारपर्यंत पिशव्या आणून द्यायच्या आणि रक्कम वहीत मांडली जायची, ही रीत शहरांत पिढ्यान्‌पिढ्या चालली; तीत वेळेचे वचन नव्हते, पण माल आला नाही तर दुकान हाकेच्या अंतरावर होते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने मात्र वेगळा मार्ग घालून दिला. शेजारपाजारच्या कुटुंबांचा संघ करायचा, मागणी आधी नोंदवायची आणि महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, एका सभासदाच्या घरी उतरलेला माल सर्वांनी मिळून वाटून घ्यायचा, अशी ही पद्धत होती. तारीख आधीच ठाऊक असे आणि वाट पाहण्याचा भार संघात वाटला जाई. पुढच्या काळातल्या भांडवलसंपन्न कंपन्यांनी या अनुभवाकडे ढुंकूनही पाहिले नाही, ही गोष्ट नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

स्लॉटची कल्पना त्या कंपन्यांकडे परदेशातून आली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९९९ मध्ये वितरण सुरू करणाऱ्या वेबव्हॅनने ग्राहकाला अर्ध्या तासाचा अवधी निवडू दिला आणि अवाढव्य गोदामांच्या खर्चाखाली २००१ मध्ये दिवाळे काढले. भारतात त्याच १९९९ मध्ये फॅबमार्ट सुरू झाली, परंतु घराघरांत इंटरनेट नसताना तिचा किराणा फार पसरणे शक्य नव्हते. तिच्याच संस्थापकांनी २०११ मध्ये बंगळूरुत बिगबास्केट सुरू केली, २०१२ मध्ये मुंबईत लोकलबनिया आली, २०१३ मध्ये ग्रोफर्सचा जन्म झाला, आणि ज्या दशकाबद्दल येथे मुख्यतः बोलायचे आहे ते सुरू झाले.

या दशकाच्या प्रारंभी स्लॉटचे स्वागत मनापासून झाले, आणि त्याची कारणे खरी होती. नवरा-बायको दोघेही नोकरीला, लोकलचा किंवा हिंजवडीच्या रस्त्यावरचा प्रवास दिवसाचे तीन तास खाणारा, घरी म्हातारे आई-वडील, आणि जुन्या इमारतीला लिफ्ट नाही, अशा कुटुंबाला दहा किलो तांदूळ, पाच किलो आटा आणि तेलाचे डबे रात्री साडेसात ते दहाच्या दरम्यान तिसऱ्या मजल्यावर आणून मिळणे ही चैन नव्हती. घराचा दिवस तसाही इतरांच्या वेळांनी बांधलेला असतो; पाणी अमुक वाजता येते, कामवाली बाई तमुक वाजता, गॅसचा सिलिंडर नंबर लावल्यावर त्याच्या मर्जीने. यात एक गोष्ट आपण सांगू त्या वेळी येईल, हे आश्वासन मोठे होते. काही कंपन्यांनी तर उशीर झाल्यास बिलाच्या रकमेचा ठरावीक भाग परत देण्याचीही हमी दिली होती, जरी ती रक्कम बहुधा कंपनीच्याच पाकिटात, म्हणजे पुढच्या खरेदीपुरती, जमा होत असे.

हे आश्वासन का मोडत गेले, हे समजण्यासाठी स्लॉटची आतली रचना पाहावी लागते. ग्राहकाला पडद्यावर जो अवधी दिसतो तो प्रत्यक्षात गाडीच्या फेरीचा एक तुकडा असतो. ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेम्पोत किती क्रेट मावतात, एका फेरीत किती दारे गाठता येतात आणि प्रत्येक दाराशी किती मिनिटे लागतील, यांचा हिशेब करून संगणक त्या स्लॉटमधल्या मागण्यांची संख्या ठरवतो आणि ती भरली की स्लॉट बंद करतो. या गणितातला दाराशी लागणारा वेळ कागदावर नेहमी कमी धरला गेला. सोसायटीच्या गेटवर नोंद, वर फोन करून परवानगी, सामानाच्या लिफ्टची रांग, दाराशी क्रेट उघडून बिलाप्रमाणे एकेक जिन्नस मोजून देणे, आणि नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतर कार्डाच्या यंत्राला नेटवर्क मिळेपर्यंत जिन्यात उभे राहणे, हे सर्व धरले तर पहिल्या चार घरांतच फेरी मागे पडे. सकाळचा उशीर दुपारच्या फेरीवर आणि दुपारचा संध्याकाळच्या फेरीवर चढत जाई. त्यामुळे ज्या संध्याकाळच्या स्लॉटची नोकरदारांना सर्वाधिक गरज होती, तोच सर्वाधिक वेळा चुकला.

चुकलेल्या स्लॉटची संध्याकाळ हजारो घरांत एकाच रीतीने पार पडली. नऊ वाजता फोन केला की ‘मॅडम, गाडी निघाली आहे’. साडेनऊला ‘दहा मिनिटांत पोहोचतो’. दहानंतर ‘रूट बदललाय’. आणि ग्राहक-सेवेच्या क्रमांकावर पंधरा मिनिटे संगीत ऐकल्यावर ‘सिस्टिमला डिलिव्हर्ड दाखवतंय’. हे शेवटचे उत्तर सर्वांत संतापजनक होते, कारण वेळ पाळल्याची नोंद माल पोहोचण्याआधीच झालेली असे. क्वचित ‘ग्राहक घरी उपलब्ध नव्हता’ असा शेरा दिवसभर घर न सोडलेल्या माणसाच्या नावावर पडे. शेवटी क्रेट उंबऱ्याशी आले की दूध कोमट झालेले, कोथिंबीर पिशवीतल्या पिशवीत भिजून काळी पडलेली, आणि बिलावर दोन-तीन जिन्नसांपुढे ‘उपलब्ध नाही’ अशी ओळ. संक्रांतीच्या आदल्या रात्री तीळ येतात आणि गूळ येत नाही, किंवा फराळ करायला घेण्याच्या दिवशी पातळ पोहे गाळले जातात, तेव्हा परत मिळालेल्या साठ-सत्तर रुपयांनी काहीही भरून निघत नाही, ही साधी गोष्ट त्या व्यवस्थेला कधी उमगली नाही.

या साऱ्यात वाट पाहण्याचे काम कुणाच्या वाट्याला आले, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे. स्लॉट निवडणारा कुणीही असो, त्या दोन-अडीच तासांत घरी थांबणारी व्यक्ती बहुतेक वेळा घरातली बाई होती, आणि दूधवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सर्वांसाठी थांबणारीही तीच होती. तिचे थांबणे कोणत्याही ताळेबंदात आले नाही. दुसऱ्या बाजूला उशिराचा राग ज्याच्यावर निघाला तो कंत्राटी वितरक मुलगा तर या गणिताचा जनक नव्हताच. खांद्यावर क्रेट घेऊन चार मजले चढणाऱ्या त्या मुलाला उशिराबद्दल वरिष्ठांची बोलणी आणि ग्राहकाची बोलणी अशी दोन्हीकडून खावी लागत. मोजमाप ज्यांनी कमी धरले त्यांच्यापर्यंत ग्राहकाचा आवाज पोहोचू नये याची तजवीज मात्र चोख होती.

दशकाच्या मध्यावर पैशाचा ओघ आटला. ऑक्टोबर २०१५ मध्ये लोकलबनिया बंद पडली, २०१६ मध्ये पेपरटॅपने किराणा थांबवला, आणि उरलेल्यांनी किमान मागणीची मर्यादा, वितरणशुल्क व सभासदत्वाची वर्गणी यांच्या आधारे तग धरला. या मधल्या वर्षांत सांगण्यासारखे फार काही घडले नाही. स्लॉट चुकत राहिले आणि ग्राहक सवयीने ते सोसत राहिले.

मग २५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली आणि स्लॉट ही सोय न राहता जगण्याची गरज बनली. गोदामांत माणसे नाहीत, गाड्या नाक्यांवर अडवलेल्या, आणि मागणी अचानक कितीतरी पटींनी वाढलेली, अशा स्थितीत पुढच्या सर्व दिवसांपुढे ‘स्लॉट उपलब्ध नाही’ हीच ओळ दिसू लागली. नवे स्लॉट मध्यरात्री खुले होतात असे कळल्यावर माणसे मोबाइल घेऊन रात्री बाराची वाट पाहत बसली. टोपली आधी भरून ठेवायची, बारा वाजता पान ताजे करायचे, आणि पैसे भरण्याच्या पायरीपर्यंत पोहोचेस्तोवर स्लॉट गेलेला पाहायचा. यात जलद बोटे आणि जलद इंटरनेट असलेला तरुण पुढे गेला आणि सत्तरी ओलांडलेले एकटे जोडपे, ज्याने घराबाहेर पडू नये असे शासनच सांगत होते, मागे राहिले. ब्रिटनमध्ये त्याच वसंतात आजाराचा मोठा धोका असलेल्या नागरिकांची यादी सरकारने दुकानसाखळ्यांना दिली आणि त्यांच्यासाठी स्लॉट राखले गेले. भारतात कंपन्यांकडे ग्राहकांचे पत्ते आणि खरेदीच्या सवयी होत्या, शासनाकडे मतदारयाद्या होत्या, तरी वयाप्रमाणे स्लॉट राखण्याची सार्वत्रिक व्यवस्था उभी राहिली नाही. या दशकातील सर्वांत मोठा दोष हाच होय, आणि त्याची जबाबदारी कंपन्यांइतकीच शासनाचीही आहे.

त्या आठवड्यांत घरे चालवली ती अर्ध्या शटरआडून व्हॉट्सॲपवर यादी घेणाऱ्या वाण्याने, आणि सोसायट्यांच्या फाटकाशी भाजीचे टेम्पो आणणाऱ्या शेतकरी गटांनी. सोसायटीने एकत्र मागणी नोंदवायची, माल एका वेळी उतरवायचा आणि खाली टेबल मांडून वाटायचा, ही तेव्हा सर्वत्र रुजलेली रीत ग्राहक पंचायतीच्या संघाचीच होती. एप्रिल २०२१ मध्ये राज्य शासनाने किराणा दुकानांना सकाळी सात ते अकरा एवढीच वेळ दिली, तेव्हाही लोकांना आधार याच दोन मार्गांचा होता.

कायद्याने या सगळ्याची दखल घेण्याची संधी २०२० मध्येच होती. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० रोजी अमलात आला आणि ई-वाणिज्याविषयीचे नियम तीन दिवसांनी प्रसिद्ध झाले. प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमावा, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याभरात निवारण करावे, असे हे नियम सांगतात. वितरणाची माहिती ग्राहकाला देण्याचे बंधनही त्यांत आहे. दिलेल्या वेळेनंतर आलेला माल परत घेऊन पैसे परत करण्यास विक्रेत्याने नकार देऊ नये, असेही ते सांगतात. परंतु खोळंब्याबद्दल काय भरपाई द्यायची, याबद्दल त्यांत एकही वाक्य नाही. दोन तासांच्या खोळंब्याला महिन्याची मुदत असलेला उपाय लागू पडत नाही, आणि साठ रुपयांच्या गुळासाठी ग्राहक आयोगाची पायरी कुणी चढत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये ग्रोफर्सने दहा मिनिटांच्या वितरणाची घोषणा केली आणि डिसेंबरमध्ये ती ब्लिंकिट झाली. त्याच वर्षी मुंबईत झेप्टो सुरू झाली. ग्राहकाला प्रवेश नसलेले, केवळ मागण्या भरण्यासाठी वस्तीत थाटलेले छोटे गोदाम, ज्याला ‘डार्क स्टोअर’ म्हणतात, हा या पद्धतीचा पाया आहे. ऐनवेळी संपलेल्या दह्यासाठी ती उपयोगाची आहे हे मान्यच करावे लागेल. मात्र स्लॉटमध्ये ग्राहक वेळ सांगत होता आणि कंपनी ती कबूल करत होती. येथे पडद्यावरचे मिनिटांचे आकडे हा कंपनीचा अंदाज असतो, आणि तो वाटेत वाढला तरी वचन मोडल्याचे कुठे नोंदले जात नाही. दुचाकीच्या पाठीवरच्या पिशवीत महिन्याचा किराणा मावत नाही, म्हणून तो तुकड्यातुकड्यांनी मागवला जातो आणि घरातला माणूस महिन्यातून एकदा दार उघडायचा तो आता दिवसातून तीनदा उघडतो. या वेगाची किंमत रस्त्यावर जीव मुठीत धरून गाडी हाकणाऱ्या मुलांनी मोजली. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगार मंत्र्यांच्या हस्तक्षेपानंतर ब्लिंकिटने जाहिरातीतून दहा मिनिटांचा उल्लेख काढला, ते योग्यच झाले. परिणामी आज ग्राहकापाशी ना दहा मिनिटांचे वचन आहे, ना त्याने स्वतः निवडलेली वेळ.

केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने २०२० च्या नियमांत दुरुस्ती करून कबूल केलेली वेळ बिलावर छापणे बंधनकारक करावे, पोहोचल्याची नोंद ग्राहकाच्या संमतीनेच व्हावी, उशिराची भरपाई पाकिटात न देता बँक खात्यात द्यावी, आणि पासष्टीपुढच्या ग्राहकांसाठी दररोज एक सकाळचा स्लॉट राखून ठेवण्याची अट प्रत्येक किराणा कंपनीला घालावी. ग्राहक संघटनांनी ही मागणी लावून धरली पाहिजे. वाचकांनीही चुकलेली वेळ मुकाट्याने गिळू नये. माल आल्याबरोबर बिलावर घड्याळातली वेळ लिहून त्याचे छायाचित्र ठेवावे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.