गोदावरीची वाळू आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ च्या परीक्षेपासून वर्णनात्मक झाली आहे. चार पर्यायांपैकी एकावर खूण करण्याचे दिवस मुख्य परीक्षेपुरते तरी संपले असून उमेदवाराने आता आपल्या शब्दांत उत्तर लिहावयाचे आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत ही पद्धत पूर्वीपासूनच आहे. तेथे सामान्य अध्ययनाच्या तिसऱ्या प्रश्नपत्रिकेत 'पर्यावरणीय आघात मूल्यांकन' हा विषय नावानिशी नमूद आहे, तर शासनव्यवहार दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत येतो. आपल्या धर्मग्रामांतील जी मुले-मुली या परीक्षांची तयारी करीत आहेत, त्यांच्या वह्यांमध्ये पर्यावरण या विषयाखाली बहुधा परिषदांची नावे आणि कायद्यांची साले यांची यादी असते. यादी पाठ करण्यास हरकत नाही; परंतु तिच्या आधारे दोनशे शब्दांचे उत्तर उभे राहत नाही. त्यासाठी एखादे प्रकरण मुळापासून समजून घ्यावे लागते. परभणी जिल्ह्यातील वाचकांना असे प्रकरण शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. गंगाखेडच्या घाटावर उभे राहिले की ते समोरच दिसते.

गंगाखेड हे गोदावरीच्या दक्षिण तीरावरील गाव. मराठवाड्यात गोदावरीला गंगा म्हणतात आणि गावाच्या नावातच ती आहे. संत जनाबाईंचे हे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला ते परिचित आहे. अलीकडील काळात मात्र वर्तमानपत्रांतून गंगाखेडचे नाव येते ते बहुतेक वेळा वाळूच्या संदर्भात. नदीकाठच्या गावांत वाळू हा रोजगार आहे, घरबांधणीचा आधार आहे आणि भांडणाचे मूळही आहे.

प्रथम वाळूचे नदीपात्रातील काम काय, हे समजून घेऊ. वाळूच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. पावसाळ्यात या पोकळ्यांत पाणी भरते आणि पूर ओसरल्यावर ते सावकाश झिरपत राहते. काठावरच्या विहिरींना आणि पाणीपुरवठा योजनांना उन्हाळ्यापर्यंत जे पाणी मिळते, त्यात या साठ्याचा वाटा मोठा असतो. पात्र खोल खणले गेले की पाण्याची पातळी खाली जाते आणि शेजारच्या विहिरींतील पाणी त्या खोलीकडे ओढले जाते. काठ ढासळतात, पुलांच्या पायाभोवतीची भर उघडी पडते. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात, जेथे २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे पात्रातील वाळू ही एक प्रकारे पाण्याची टाकीच होय. तिची किंमत ब्रासमध्ये मोजली जाते. टाकी म्हणून तिचे मोल कोणत्याही पावतीवर नसते. (ब्रास म्हणजे शंभर घनफूट. हा प्रश्न परीक्षेतही येऊ शकेल.)

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. नदी दरवर्षी नवी वाळू आणते, म्हणून कितीही उपसली तरी भरून निघेल, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धवट खरा आहे. वाळू येते ती वरच्या भागातून वाहत. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ पासून गोदावरी अडवून उभे आहे. सिंदफणेवर माजलगावचे धरण आहे. परभणी जिल्ह्यातच ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गल, मुळी, डिग्रस असे बंधारे आहेत. या बांधकामांची गरज कोणी नाकारणार नाही. परंतु पाण्याबरोबर गाळ आणि वाळूही त्यांच्यामागे अडते. म्हणजे येणारी वाळू पूर्वीपेक्षा कमी आणि मागणी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक. एका पावसाळ्यात एखाद्या वाळूगटात प्रत्यक्ष किती वाळू नव्याने साचली, हे मोजण्याला 'पुनर्भरण अभ्यास' म्हणतात. हा शब्द विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. पुढील सारी चर्चा त्याच्याभोवती फिरते.

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार नद्या आणि त्यांची पात्रे शासनाच्या मालकीची आहेत. साधी वाळू हे गौण खनिज असल्यामुळे खाणी व खनिजे अधिनियम, १९५७ च्या कलम १५ अन्वये तिच्याविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना आहे. महाराष्ट्राचे असे नियम २०१३ चे आहेत. येथपर्यंत विषय महसुलाचा आहे. पर्यावरण त्यात शिरते ते १९८६ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली काढलेल्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेमुळे. ठरावीक प्रकल्पांना आधी पर्यावरणविषयक मंजुरी घेणे तिने बंधनकारक केले. खाणकामासाठी मर्यादा होती पाच हेक्टरची. परिणाम काय व्हावा? मोठे क्षेत्र पाच हेक्टरच्या आतील तुकड्यांत विभागून लिलाव करण्याची सोयीस्कर वाट सापडली. हरियाणातील अशाच लिलावांवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी न्यायालयाने सांगितले की, पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रालाही मंजुरी आवश्यक आहे. लहान लहान खड्डे मिळून नदीला होणारी इजा लहान राहत नाही, हा त्यामागील विचार.

केंद्राने जानेवारी २०१६ मध्ये नवी अधिसूचना काढून लहान क्षेत्रांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय प्राधिकरणे नेमली. जो जिल्हाधिकारी लिलावातून महसूल गोळा करतो, त्यानेच नदीची इजा तपासावी, या रचनेत काही विसंगती आहे, हे कोणालाही दिसावे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सप्टेंबर २०१८ मध्ये ही व्यवस्था दीपक कुमार निकालाशी सुसंगत नसल्याचे ठरविले आणि लहान क्षेत्रांची छाननी पुन्हा राज्यस्तरावर गेली. मात्र २०१६ च्या अधिसूचनेतील एक चांगली गोष्ट टिकली. ती म्हणजे जिल्हा सर्वेक्षण अहवाल. जिल्ह्यात कोठे, किती वाळू आहे आणि कोठे उपसा करू नये, हे या अहवालाने सांगावयाचे असते. २२ ऑगस्ट २०२५ रोजी जम्मू-काश्मीरमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पुनर्भरण अभ्यास नसलेला जिल्हा सर्वेक्षण अहवाल मंजुरीचा आधार होऊ शकत नाही. नदी किती देते हे मोजल्यावाचून तिच्याकडून किती घ्यावयाचे हे ठरविता येत नाही, ही साधी गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने सांगेपर्यंत आपल्याला थांबावे लागले.

मंजुरी 'आधी' की 'नंतर', हाही वाद सध्या महत्त्वाचा आहे. मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, काम सुरू झाल्यानंतर दिली जाणारी पर्यावरण मंजुरी बेकायदेशीर ठरविली. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. उभी झालेली बांधकामे पाडण्याने लोकहिताची हानी होईल, ही बहुमताची चिंता होती. भिन्नमत देणाऱ्या न्यायमूर्तींना सावधगिरीचे तत्त्व धोक्यात आलेले दिसले. परीक्षेत दोन्ही बाजू मांडाव्यात. माझे स्वतःचे मत भिन्नमताकडे झुकते.

याला कारण आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे विश्वपरिपत्रक २०१५ साली प्रसिद्ध झाले. पर्यावरणाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण म्हणून आपण त्याचा उल्लेख पुष्कळ वेळा ऐकला आहे, परंतु त्याचा १८३ वा परिच्छेद फार थोड्यांनी वाचला असेल. त्यात पोप महोदय थेट पर्यावरणीय आघात मूल्यांकनाविषयीच लिहितात. प्रकल्पाचा आराखडा ठरून गेल्यावर मूल्यांकन करण्यात अर्थ नाही, ते अगदी प्रारंभापासून आणि कोणाच्याही आर्थिक वा राजकीय दडपणावाचून व्हावे, आणि स्थानिक लोकांना चर्चेत मानाचे स्थान असावे, असा त्यांचा आग्रह आहे. प्रशासनशास्त्राच्या पुस्तकात शोभेल असा हा परिच्छेद एका धर्माचार्याने लिहिला आहे. नीतिशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत तो उपयोगी पडेलच. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याला बाग कसण्याबरोबर राखण्याचेही काम दिले आहे, त्याच्याशी हे सुसंगतच आहे.

राज्यातील वाळू धोरण गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले. एप्रिल २०२३ मध्ये लिलाव बंद करून शासकीय डेपोतून ६०० रुपये ब्रास दराने वाळू विकण्याचे धोरण आले. सामान्य माणसाला स्वस्त वाळू मिळावी हा हेतू स्तुत्य होता, परंतु डेपोंची व्यवस्था अपेक्षेप्रमाणे चालली नाही. ८ एप्रिल २०२५ रोजी मंत्रिमंडळाने नवे धोरण मंजूर करून पुन्हा लिलावाची पद्धत स्वीकारली. घरकुल लाभार्थ्यांना पाच ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याची तरतूद त्यात आहे आणि दगड फोडून तयार केलेल्या कृत्रिम वाळूला प्रोत्साहन देण्याचे धोरणही त्याच वर्षी आले. वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्खाचा दाखला आपण मिस्साबलीत ऐकतो. येथे गरिबाची अडचण अशी की वाळूवाचून घरच बांधता येत नाही. म्हणून वाळूचा प्रश्न 'उपसा बंद करा' एवढ्या घोषणेने सुटणारा नाही. घरकुलाचा हप्ता मिळून वाळूअभावी भिंती अर्ध्यावर थांबलेल्या कुटुंबाला नदीचे पर्यावरण समजावून सांगणे अवघड असते. उत्तरपत्रिकेत ही बाजू न आल्यास ते उत्तर अपुरे मानावे.

नियम कागदावर पुरेसे आहेत. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपसा तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, यांपैकी जे कमी असेल तेथपर्यंतच करता येतो. पुलांपासून ठरावीक अंतर राखावे लागते. गंगाखेडजवळ गोदावरीवर रस्त्याचा आणि लोहमार्गाचा असे पूल आहेत, हे येथे आठवावे. २०२० च्या सूचनांनी रात्रीच्या उपशास मनाई केली. बेकायदा उपसा करणाऱ्यास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करण्याची आणि वाहन जप्त करण्याची तरतूद जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ मध्ये आहे. परंतु हे सर्व अमलात आणणार कोण? मध्यरात्री नदीकाठी जाणारे तहसीलदार आणि त्यांच्यासोबतचे दोन-तीन महसूल कर्मचारी. अशा पथकांवर वाहने घातल्याच्या घटना राज्यात वेळोवेळी घडल्या आहेत. वाळूच्या नव्हे, पण इंधन भेसळीच्या प्रकरणात मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ जिवंत जाळण्यात आले. अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनी पगार, बंगला आणि मान यांबरोबर हेही डोळ्यांसमोर ठेवावे. मी कोणाला भीती घालीत नाही. पण या पदाची किंमत काय असू शकते, हे आपण त्यांच्यापासून लपवूही नये.

जे अधिकारी नाहीत, त्यांच्या हाती काय आहे? बरेच काही. जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा २१ दिवस लोकांसाठी खुला ठेवून हरकती मागविणे २०१६ च्या अधिसूचनेने बंधनकारक केले आहे. तो जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आणि जिल्हाधिकारी कार्यालयात पाहता आला पाहिजे. या २१ दिवसांत किती नागरिक हरकत नोंदवितात? जेथे जनसुनावणी आवश्यक आहे, तेथे ती प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फत, निदान तीस दिवसांची पूर्वसूचना देऊन घ्यावी लागते. ग्रामसभेत वाळूचा विषय आला की ठरावावर सह्या करून उठण्यापूर्वी किती ब्रास, किती खोल आणि कोणत्या गट क्रमांकासमोर, एवढे तीन प्रश्न विचारता येतात. उत्तर न मिळाल्यास २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम आहेच.

परीक्षार्थींना एक सूचना करावीशी वाटते. परभणी जिल्ह्याचा सर्वेक्षण अहवाल मिळवून गंगाखेड तालुक्याची पाने वाचावीत आणि त्यांत पुनर्भरण कसे मोजले आहे ते पाहावे. मे महिन्यात दिवसाउजेडी, दोघे-तिघे मिळून, पात्रातील एक ठिकाण पाहून यावे, वाळूची पातळी एखाद्या घाटाच्या पायरीच्या किंवा पुलाच्या खांबाच्या आधारे वहीत टिपावी आणि दसऱ्यानंतर पाणी उतरल्यावर पुन्हा त्याच ठिकाणी जावे. वाहनांची छायाचित्रे काढण्याच्या भरीस पडू नये. ते पोलिसांचे काम आहे. दोन नोंदींतील फरक आणि अहवालातील आकडा शेजारी शेजारी लिहून ठेवावेत.