दोराचे ओझे
खोल विहिरीतून पाणी शेंदताना घागरीपेक्षा दोरच जड व्हावा, तशी पृथ्वीच्या गुरुत्वकूपातून वर चढणाऱ्या अग्निबाणाची गत आहे. १९६९ मध्ये ‘सॅटर्न-५’ उडाला तेव्हा त्याचे वजन सुमारे २,९०० टन होते. चंद्राकडे गेलेले ‘अपोलो-११’ यान जेमतेम ४४ टनांचे. उरलेले बहुतांशी इंधन, आणि तेही इंधनच वाहून नेण्यासाठी! वाटेत ठाणे बांधले की हा खर्च वाचेल, ही समजूत भाबडी होय. ठाण्यावरचे इंधनही पृथ्वीवरूनच चढवायचे, तर विहीर तसूभरही उथळ होत नाही. चंद्राचा मुक्तिवेग मात्र सेकंदाला २.४ किलोमीटर, पृथ्वीचा ११.२. त्याच्या ध्रुवांजवळील बर्फापासून इंधन मिळाले, तरच ठाण्याचा हिशेब जुळेल. आजवर त्यातून थेंबभरही निघालेले नाही.