चारबागेचे गणित आणि आर्किटेक्चरमधले संशोधन

परभणीत एखाद्या मुलाने किंवा मुलीने 'आर्किटेक्चर करायचंय' म्हटले, की घरचे हमखास विचारतात, 'म्हणजे नकाशे काढणार का?' नकाशे काढावे लागतातच. पण याच शिक्षणातून संशोधनाची आणि प्राध्यापकीचीही एक वाट निघते. ती आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही, म्हणून आम्ही ती इथे समजावून देत आहोत.

या संशोधनात मुख्य प्रश्न दोन. इमारत आखताना माणसाचे डोके नेमके कसे चालते? आणि त्यातले जे नियमात बसते, ते कॉम्प्युटरला शिकवता येईल का? पहिल्याला 'डिझाइन थिंकिंग' म्हणतात, दुसऱ्याला 'कॉम्प्युटेशन'.

पहिल्या प्रश्नावर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात प्रा. उदय आठवणकर यांनी काम केले. त्यांनी डिझायनरच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि कागद-पेन्सिलीशिवाय वस्तू आखायला सांगितली. डिझायनर मोठ्याने बोलत विचार करायचा, हात हवेत फिरवायचा, आणि हे सगळे नोंदवले जायचे. १९९७ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. चित्र न काढताही मनातल्या मनात डिझाइन पुढे नेता येते, असे त्यातून दिसले. पुढे २००६ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी अनुभवी आर्किटेक्टवर असाच प्रयोग केला.

दुसऱ्या प्रश्नाचे उदाहरण तर आपल्या ओळखीचे आहे. भाषेत थोड्या नियमांतून असंख्य वाक्ये तयार होतात. तसेच आकारांचेही व्याकरण असते, असे जॉर्ज स्टिनी आणि जेम्स गिप्स यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडले. १९८० मध्ये स्टिनी आणि विल्यम मिचेल यांनी हेच व्याकरण मुघल बागांना लावले. एक चौरस घ्या, दोन पाटांनी त्याचे चार भाग करा, प्रत्येक भागाचे पुन्हा चार करा. अशा मोजक्या नियमांतून चारबागेचे नवनवे आराखडे तयार करता येतात.

अशी चारबाग पाहायला दूर जायला नको. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादचा बीबी का मकबरा चारबागेतच उभा आहे. त्याच्या दारावरच्या लेखात अताउल्ला हे वास्तुकार आणि हंसपत राय हे अभियंता, अशी नावे आहेत. अताउल्ला हे ताजमहालाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरींचे चिरंजीव. त्यांनी भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथाचा फारसीत अनुवाद केला होता. गणित आणि इमारत यांची सोबत मराठवाड्यात इतकी जुनी आहे.

आता प्रत्यक्ष वाट. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवे. मग नाटा किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर आणि पाच वर्षांचे बी.आर्क. त्यानंतर गेटमध्ये आर्किटेक्चरचा स्वतंत्र पेपर असतो, डिझाइनकडे जायचे तर सीड ही परीक्षा. पुढे पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडी.

आपल्या भागात बरीच मुले नीटसाठी अकरावीलाच गणित सोडतात. मेडिकल हुकले की मग आर्किटेक्चरचे दारही बंद झालेले असते. हा निर्णय घरात नीट बोलून घ्यायला हवा.

पैशाचा प्रश्नही खरा आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना पीएचडीसाठी मिळणारी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने २०२२ मध्ये बंद केली. आता भिस्त खुल्या स्पर्धेतल्या फेलोशिपवर. यूजीसीच्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपची रक्कम २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आहे. स्पर्धा कठीण आहे, पण मिळाली तर संशोधनाच्या काळात घरावर बोजा पडत नाही.

तुमच्या घरात कुणाला गणितही आवडत असेल आणि चित्रही, तर या वाटेबद्दल त्याच्याशी किंवा तिच्याशी दहावीच्या निकालाआधीच बोला.