वायुतापित कोक भट्टी

वायुतापित कोक भट्टी ही दगडी कोळशापासून कोक तयार करण्यासाठी वापरली जाणारी, उच्चतापसह विटांनी बांधलेली भट्टी होय. कोळसा हवेशी संपर्क न येऊ देता सुमारे १,०००° ते १,१००° से.पर्यंत तापवला असता त्यातील बाष्पनशील द्रव्ये निघून जातात आणि कठीण, सच्छिद्र व मुख्यतः कार्बनयुक्त असा कोक मागे उरतो. या भट्टीत ज्वाला कोळशाला स्पर्श करत नाही. कोळसा भरलेल्या अरुंद, उभट कोठीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती पोकळ असतात. त्या पोकळीतील ज्वालामार्गांत वायू जळतो आणि उष्णता विटेतून कोळशात शिरते. त्यामुळे या भट्टीच्या अभिकल्पात गेल्या दीडशे वर्षांत झालेल्या बहुतेक सुधारणा एकाच गोष्टीभोवती फिरतात. ही भिंत तळापासून माथ्यापर्यंत सारखी कशी तापेल, कमीत कमी वायूत कशी तापेल आणि तीस-चाळीस वर्षे तडा न जाता कशी उभी राहील, हे ते प्रश्न होत.

कोठीची लांबी साधारणतः १२ ते १८ मी., उंची ४ ते ८ मी. आणि रुंदी मात्र केवळ ४० ते ६० सेंमी. असते. अशा अनेक कोठ्या पुस्तकांच्या कपाटातील पुस्तकांप्रमाणे शेजारी शेजारी बांधलेल्या असतात. या रांगेला बॅटरी म्हणतात. दोन कोठ्यांच्या मधील तापनभिंत दोघींनाही उष्णता देते. कोकीकरण भिंतींकडून मध्याकडे सरकत जाते आणि दोन्ही बाजूंचे मऊ झालेल्या कोळशाचे थर अखेरीस मध्यभागी एकमेकांना मिळतात. त्यानंतर दोन्ही टोकांची दारे काढून एका बाजूने यांत्रिक दांड्याने संपूर्ण लाल कोक दुसऱ्या बाजूला ढकलला जातो. तो सहज सरकावा म्हणून कोठी ढकलण्याच्या बाजूस थोडी अरुंद व कोक बाहेर पडण्याच्या बाजूस ५ ते ७ सेंमी. अधिक रुंद ठेवतात.

पूर्वेतिहास

इंग्लंडमधील कोलब्रुकडेल येथे अब्राहम डार्बी यांनी १७०९ मध्ये झोतभट्टीत कोक वापरून लोखंड गाळले. त्यानंतर बराच काळ कोक उघड्या ढिगांत आणि पुढे घुमटाकार भट्ट्यांत तयार होत असे. घुमटाकार भट्टीत थोडी हवा आत सोडून निघणारा वायू कोळशावरच जाळला जाई. डांबर, अमोनिया, बेंझीन व उरलेला वायू ही सर्व संपत्ती धुरात जाई आणि कोळशाचाही काही भाग जळून जाई. तरीही या भट्टीचा कोक उत्तम असे, आणि पोलाद कारखानदारांनी नव्या भट्ट्यांना दीर्घकाळ विरोध केला तो याच कारणाने.

ज्वाला भिंतीत नेण्याची कल्पना बेल्जियममध्ये एव्हांस कोपे यांच्या १८६० च्या दशकातील भट्टीत ठळकपणे दिसते. तिची कोठी अरुंद होती व भिंतीत उभे ज्वालामार्ग होते, परंतु उपपदार्थ काढले जात नसत. फ्रान्समध्ये क्नाब व कार्व्हे यांच्या भट्ट्यांत मात्र वायू आधी बाहेर काढून थंड करत, त्यातून डांबर व अमोनिया वेगळे करत आणि मग तो वायू भट्टी तापवण्यासाठी परत आणत. या दोन कल्पना एकत्र आल्या, तेव्हा आजच्या भट्टीचा सांगाडा तयार झाला. अमेरिकेतील अशी पहिली भट्टी १८९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे सुरू झाली. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी टोल्युइनची प्रचंड गरज निर्माण झाली आणि ते कोक भट्टीच्या वायूतून मिळत असल्याने घुमटाकार भट्टीचे तेथील वर्चस्व संपले.

उष्णतेची परतफेड

थंड करून शुद्ध केलेला वायू भट्टीत परत आणला, तरी ज्वलनानंतरची उष्णता धुरांड्यातून वाया जात होती. फ्रीडरिक सीमेन्स यांनी १८५६ मध्ये पेटंट घेतलेली रीजनरेटरची कल्पना जर्मनीत गुस्टाव्ह होफमान यांनी १८८० च्या दशकात कोक भट्टीला लावली. रीजनरेटर म्हणजे जाळीदार रचलेल्या विटांचे कोठे. तप्त धूर त्यांतून जाताना विटा तापतात. मग प्रवाहाची दिशा उलटवून त्याच विटांमधून ज्वलनाची हवा आत घेतली जाते. आजही दर २० ते ३० मिनिटांनी ही दिशा बदलते. भट्टी स्वतःच्या वायूवर तापवल्यास त्याचा साधारण ४० टक्के भाग पुरतो व उरलेला कारखान्यास मिळतो. ही शिल्लक रीजनरेटरमुळेच शक्य झाली.

सुरुवातीच्या भट्ट्यांत रीजनरेटर बॅटरीच्या लांबीने सलग असत, त्यामुळे एखाद्या भिंतीला किती हवा मिळते हे ठरवता येत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी हाइनरिख कोपर्स यांनी प्रत्येक भिंतीखाली तिचा स्वतंत्र रीजनरेटर बांधला. बाहेरून साध्या वाटणाऱ्या या बदलामुळे प्रत्येक भिंतीचे तापमान वेगळे जुळवता येऊ लागले. कोठी एका टोकाला रुंद असल्याने तेथे कोळसा अधिक असतो. म्हणून भिंतीचे ते टोक दुसऱ्यापेक्षा अधिक तापवावे लागते. पुढे तळघरातून प्रत्येक ज्वालामार्गाला वेगळी वायुनलिका देण्याची पद्धत आली आणि नलिकेतील तोटी बदलून हे काम बॅटरी चालू असतानाच करता येऊ लागले.

अनेक भट्ट्या दोन प्रकारच्या वायूंवर चालतील अशा बांधतात. कोक भट्टीच्या वायूत निम्म्याहून अधिक हायड्रोजन व सुमारे चतुर्थांश मिथेन असतो. तो रीजनरेटरमधून नेल्यास मिथेनचे विघटन होऊन काजळी साचते, म्हणून तो थंडच सोडतात व फक्त हवा तापवतात. झोतभट्टीच्या वायूचे उष्णतामूल्य याच्या सुमारे एक पंचमांश असते. तो पूर्वतापित केल्याशिवाय हवे ते तापमान मिळत नाही, त्यामुळे त्यासाठी रीजनरेटरची वेगळी दालने लागतात. हा हलका वायू भट्टीला देता आला, की मौल्यवान वायू पोलाद तापवण्यासाठी मोकळा होतो.

उंच भिंतीची अडचण

हायड्रोजन झपाट्याने जळतो, त्यामुळे ज्वाला आखूड होते. भिंतीचा तळ अतितप्त व माथा तुलनेने थंड राहतो. चार मीटर उंचीपर्यंत हा दोष निभावून नेता येतो, त्यापुढे नाही. तळाचा कोक तयार होऊनही वरचा कच्चा राहिला, तर तो ढकलताना काळा धूर उसळतो, आणि आकसून भिंतीपासून सुटला नसेल तर कोठीतच अडकतो. अडकलेला कोक जोराने ढकलणे हे भिंत फुटण्याचे एक प्रमुख कारण आहे.

यावर तीन निरनिराळे उपाय निघाले. काहींनी शेजारच्या ज्वालामार्गांतील ज्वालकांची उंची कमी-अधिक ठेवली. कार्ल स्टिल यांच्या भट्टीत हवा एकदम न देता भिंतीतील छिद्रांतून निरनिराळ्या उंचींवर टप्प्याटप्प्याने दिली जाते. कोपर्स यांच्या भट्टीत जळून गेलेल्या वायूचा काही भाग शेजारच्या मार्गातून तळाशी परत ओढला जातो. तो ज्वालेत मिसळल्याने ज्वलन मंदावते व ज्वाला लांबते. शेवटच्या दोन उपायांमुळे ज्वालेचे कमाल तापमान उतरते आणि नायट्रोजनची ऑक्साइडेही कमी तयार होतात. मूळ उद्देश हा नव्हता, परंतु प्रदूषणाचे नियम आल्यावर त्याचा मोठा उपयोग झाला. आधुनिक मोठ्या भट्ट्यांत दोन्ही उपाय एकत्र वापरतात.

धूर परतवण्याच्या मार्गाचाही भिंतीच्या बळाशी संबंध आहे. जुन्या रचनेत अर्ध्या भिंतीतील धूर माथ्याजवळच्या एका आडव्या बोगद्यातून उरलेल्या अर्ध्या भिंतीत जाई. भट्टी जितकी मोठी, तितका बोगदा मोठा व भिंत तितकी कमकुवत. जोसेफ बेकर यांनी धूर कोठीच्या छतावरून पलीकडच्या भिंतीत नेऊन बोगदा लहान केला. जोडमार्ग पद्धतीत तर दोन लगतचे ज्वालामार्ग माथ्याशी जोडून बोगद्याची गरजच संपवली. फुगणाऱ्या कोळशाचा आडवा दाब सोसणाऱ्या उंच भिंतीसाठी ही पद्धत विशेष उपयुक्त ठरली.

सिलिका विटा

आरंभीच्या भट्ट्या अग्निमृत्तिकेच्या विटांच्या होत्या. अधिक तापमानात त्या भाराखाली मऊ पडत, म्हणून भट्टी सावकाश चालवावी लागे. सिलिका विटा आल्यावर ज्वालामार्गांचे तापमान १,३००° से.च्या आसपास नेता आले व कोकीकरणाचा अवधी पुष्कळ घटला. मात्र या विटेचा स्वभाव चमत्कारिक आहे. सुमारे ६००° से.पर्यंत ती झपाट्याने प्रसरण पावते, त्यानंतर जवळजवळ नाही. एकूण प्रसरण सव्वा टक्क्याच्या आसपास असते. म्हणजे १५ मी. लांबीच्या भिंतीत सुमारे १९ सेंमी. म्हणून नवी बॅटरी तापवायला दोन-तीन महिने लागतात. एकदा तापलेली बॅटरी मग आयुष्यभर थंड होऊ दिली जात नाही. मागणी नसतानाही ती धगधगत ठेवावी लागते, आणि डागडुजी तप्त भिंतीवरच करावी लागते.

मोठ्या कोठ्या व गळती

जर्मनीत ड्यूसबुर्गमधील श्वेल्गर्न येथे २००३ मध्ये सुरू झालेल्या १४० कोठ्या सुमारे ८.४ मी. उंच व ५९ सेंमी. रुंद असून त्यांची वार्षिक क्षमता सुमारे २६ लाख टन आहे. रुंदीमुळे कोकीकरणाला २५ तासांच्या आसपास लागतात, तरीही रचनाकारांनी हा तोटा जाणूनबुजून पत्करला. कोठ्या थोड्या व मोठ्या असल्या, की दारे कमी वेळा उघडतात आणि गळणाऱ्या फटींची एकूण लांबी घटते.

या गळतीची किंमत कामगारांनी मोजली आहे. अमेरिकेत १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॉइड यांच्या अभ्यासात, भट्टीच्या माथ्यावर पाच वर्षांहून अधिक काळ पूर्णवेळ काम केलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अपेक्षेच्या सुमारे दहापट आढळले. १९७६ मध्ये तेथे कोक भट्टीतील उत्सर्जनासाठी स्वतंत्र नियम झाले. लवचीक कडांची दारे आणि प्रत्येक कोठीतील वायूचा दाब स्वतंत्रपणे नियंत्रित करणारी झडप या सुधारणा याच प्रश्नातून आल्या. कोळसा नुकताच भरलेला असताना वायू भरपूर निघतो व शेवटी अगदी थोडा. दाब सर्वांसाठी एकच ठेवल्यास कुठे गळती होते, तर कुठे हवा आत शिरते.

भारतातील भट्ट्या

झरिया क्षेत्रातील कोकक्षम कोळशात राखेचे प्रमाण जास्त असून त्याचा चांगला साठा मर्यादित आहे. जमशेदपूर येथे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून कोळसा कोठीत वरून ओतण्याऐवजी बाहेर ठोकून त्याची घट्ट वडी करून बाजूने सरकवण्याची पद्धत अवलंबली गेली. त्यामुळे कमी प्रतीचा कोळसाही मिश्रणात चालतो. भिंतीवरील दाब मात्र वाढतो आणि मिश्रण काळजीने निवडावे लागते. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यात ७ मी. उंचीच्या कोठ्या असून तेथे तप्त कोक पाण्याऐवजी निष्क्रिय वायूने थंड करतात व त्या उष्णतेची वाफ करतात.

गोव्यात आमोणे येथे याच्या उलट मार्ग दिसतो. तेथील भट्ट्यांत उपपदार्थ काढले जात नाहीत. कोळशातून निघणारा वायू कोठीच्या छताखाली व तळाखालच्या मार्गांत पूर्ण जाळतात आणि धुराच्या उष्णतेवर वीज निर्माण करतात. कोठीतील दाब वातावरणापेक्षा कमी असल्याने दारांतून वायू बाहेर न येता हवाच आत ओढली जाते. डांबर व अमोनियाचे कारखाने टळतात, पण आत आलेल्या हवेत वरचा थोडा कोळसा जळतोच, आणि अशा आडव्या, पसरट कोठ्यांना जागाही पुष्कळ लागते.